8 वर्षांच्या मुलीचा वरचा जबडा अरुंद: स्क्रू आत्ता बसवायचा की 12 वर्षांपर्यंत थांबायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. निपाणीच्या एका ताईंची मुलगी सव्वाआठ वर्षांची आहे. शाळेतल्या दंततपासणीत कळलं की तिचा वरचा जबडा अरुंद आहे आणि डाव्या बाजूच्या दाढा उलट्या बसतात. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, टाळूला स्क्रू बसवून जबडा आत्ताच रुंद करू, उशीर झाला तर पुढे ऑपरेशन लागेल. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, सगळे पक्के दात येऊ देत, 12 व्या वर्षी एकदाच तार लावू. घरात आज्जी म्हणतात, ‘दुधाचे दात पडले की आपोआप सरळ होतंय की, लेकराच्या तोंडात लोखंड कशाला घालता?’ आणि मुलीच्या वडिलांचं म्हणणं असं की उसाचं बिल हातात आलं की संक्रांतीच्या सुमाराला बघू. ताई विचारतात, यातलं कुणाचं ऐकू?

मी बेळगावात 22 वर्षं दातांना तार लावण्याचं, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सचं काम करते. खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, चंदगड या सगळ्या बाजूंनी मुलं माझ्याकडे येतात आणि हा प्रश्न जवळपास दर आठवड्याला समोर येतो. मुलीला न पाहता ‘हे करा’ असं मी सांगणार नाही, सांगूही नये. पण दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत कुठली लागू पडते हे ओळखायचं कसं, ते सांगता येईल.

‘लवकर की उशिरा’ हा प्रश्न दुसरा आहे. त्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा राहून गेलाय: अडचण नेमकी कुठे आहे, हाडात, दातांत, की चावताना खालचा जबडा सरकण्यात? ‘जबडा अरुंद आहे’ हे एकच वाक्य या तिन्ही गोष्टींसाठी वापरलं जातं आणि सगळा घोळ तिथे होतो. कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बहुधा उलट्या दाढा होत्या, बेळगावच्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर वेडेवाकडे पुढचे दात. दोघंही आपापल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत असतील.

स्टीलच्या डब्याचं झाकण आठवा. झाकण डब्यापेक्षा कणभर मोठं असतं आणि सगळीकडून बाहेरून बसतं. वरची दंतपंक्ती खालच्या दंतपंक्तीवर तशीच बसायला हवी, वरच्या दाढांची बाहेरची कड खालच्या दाढांच्या बाहेर. वरचा जबडा अरुंद असला तर झाकण डब्याच्या आत जातं. याला आम्ही क्रॉसबाइट म्हणतो, साध्या भाषेत उलटा चावा.

आता बारकाईने बघा, कारण सगळी गुरुकिल्ली इथे आहे. बहुतेक मुलांत वरचा जबडा दोन्ही बाजूंनी सारखाच अरुंद असतो. मग वरच्या आणि खालच्या दाढांची टोकं एकमेकांवर येतात. टोकावर टोक ठेवून घास चावता येत नाही, टोचतं, म्हणून मूल नकळत खालचा जबडा एका बाजूला सरकवतं आणि तिथे चावायला सोय करून घेतं. त्यामुळे एका बाजूच्या दाढा बरोबर दिसतात आणि दुसऱ्या बाजूच्या उलट्या. आईवडिलांना वाटतं, एकच बाजू बिघडलीय. खरं तर वरचा जबडा दोन्हीकडून अरुंद असतो आणि खालचा जबडा रोज हजारदा वाकडा सरकत असतो. तुमच्या मुलीच्या ‘डाव्या बाजूच्या उलट्या दाढा’ या प्रकारातल्या असण्याची शक्यता मला बरीच वाटते. पण ते तपासल्याशिवाय धरून चालायचं नाही.

ही तपासणी घरी करून बघता येते. मुलीला खिडकीसमोर, उजेडात, खुर्चीवर ताठ बसवा. जिभेचं टोक वळवून टाळूला मागे लावायला सांगा. तसंच ठेवून हळूहळू तोंड मिटायला सांगा आणि पहिला दात दाताला टेकला की ‘थांब’ म्हणा. त्या क्षणी वरच्या दोन पटाशीच्या दातांमधली रेघ आणि खालच्या दोघांमधली रेघ एकमेकींसमोर आहेत का, ते बघा. मग म्हणा, ‘आता दाढा घट्ट चाव.’ खालची रेघ आणि हनुवटी एका बाजूला सरकली तर तोच तो सरकता चावा. मुलं पहिल्यांदा हसतात, मुद्दाम वाकडं करतात, म्हणून तीन-चारदा करून बघा आणि मोबाइलवर समोरून व्हिडिओ घ्या. तो व्हिडिओ कुठल्याही डॉक्टरांना दाखवलात तर पाच मिनिटांचं बोलणं वाचतं. तोंड उघडं असतानाही हनुवटी बाजूलाच दिसत असेल तर ती गोष्ट वेगळी आहे, तिथे खालच्या जबड्याची वाढच असमान आहे का हे बघावं लागतं.

चावा सरकत असेल तर मी 8 व्या वर्षी थांबायला सांगत नाही. कारण सांगते. या वयात जबड्याची हाडं वाढत असतात आणि जबडा रोज ज्या जागी बसतो त्या जागेला धरून वाढतात. वर्षानुवर्षं डावीकडे सरकून चावणाऱ्या मुलाचा जबडा दोन्ही बाजूंना सारखा वाढत नाही. सुरुवातीला जे नुसतं सरकणं असतं, ते पुढे हाडाचा कायमचा वाकडेपणा होऊ शकतं. प्रत्येकाच्या बाबतीत होतंच असं नाही, पण कुणाचं होणार हे आधी सांगता येत नाही. सरकणं लहानपणी थांबवलं तर उरलेली वाढ आपल्या बाजूने काम करते.

खानापूरच्या पलीकडच्या एका गावातली मुलगी 16 व्या वर्षी माझ्याकडे आली होती. हनुवटी स्पष्ट एका बाजूला होती, फोटो काढायला लाजायची. आईने चौथीतला फोटो आणला होता, त्यात हनुवटी जवळजवळ मध्यावर होती. तोवर टाळूची शिवण घट्ट झाली होती. नुसत्या स्क्रूने भागलं नसतं. शस्त्रक्रियेची मदत घेऊन वरचा जबडा रुंद केला, पण हनुवटी पूर्ण मध्यावर आली नाही. ‘लहानपणी कुणी सांगितलंच नाही,’ असं आई म्हणाली तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय.

शिवण म्हणाले ती ही. वरचा जबडा दोन हाडांचा मिळून बनलेला असतो आणि ती टाळूच्या मधोमध जुळतात. लहानपणी ती शिवण धावदोऱ्यासारखी सरळ आणि सैल असते. वय वाढतं तशी हाडं एकमेकांत दात्यांसारखी गुंतत जातात आणि वाकळीसारखी घट्ट होतात. सैल आहे तोवर स्क्रूच्या हळुवार दाबाने दोन भाग बाजूला जातात आणि मधल्या जागेत नवं हाड भरतं. घट्ट झाल्यावर तोच दाब दाढांवर येतो, दाढा बाहेर झुकतात, हाड जागचं हलत नाही. ठराविक वयाला दार बंद होतं असं नाही. 10 वर्षांच्या आत बहुतेकांची शिवण सहज उघडते, 12-13 ला अजूनही बऱ्याच जणांची उघडते, 15-16 नंतर, विशेषतः मुलींमध्ये, भरवसा राहत नाही. तेव्हा ‘आत्ता नाही केलं तर ऑपरेशनच’ हे 8 वर्षांच्या मुलीबाबत अतिशयोक्तीचं वाक्य आहे. घाई करायला लावणारं वाक्य कुणी टाकलं तर जरा थांबून विचार करा.

मुलींच्या आयांना मी एक प्रश्न विचारते आणि त्या संकोचतात: पाळी सुरू झाली का? वडील शेजारी बसलेले असतात, मुलगी मान खाली घालते. पण हा प्रश्न दातांचाच आहे. पाळी सुरू होते तेव्हा उंची वाढण्याचा सर्वांत जोराचा काळ मागे पडलेला असतो आणि शिवणही घट्ट होण्याच्या वाटेवर असते. 11 व्या वर्षी पाळी आलेल्या मुलीचं आणि 14 व्या वर्षी आलेल्या मुलीचं ‘12 वर्षं’ एकसारखं नसतं. घरातल्या बायकांना पाळी लवकर येत असेल तर ‘12 ला बघू’ या सल्ल्याचा पुन्हा विचार करावा लागतो. हे मुलीसमोर सहजपणे, लपवाछपवी न करता बोला. तिलाही ते कळायला हवं.

आता दुसरी बाजू, जिथे मी थांबायला सांगते. 8 वर्षांच्या मुलाचे पुढचे दात वाकडे, गर्दीने आलेले असतात. नव्या पक्क्या पटाशीच्या दातांना जागा कमी पडते, किंवा वरच्या दातांत फटी असतात आणि ते पंख्यासारखे बाहेर पसरतात. यातलं बरंचसं 11-12 व्या वर्षी सुळे उतरले की बदलतं. दाढा बरोबर बसत असतील, उलटा चावा नसेल, जबडा सरकत नसेल, तर केवळ गर्दीसाठी टाळू रुंद करायला मी आता तयार होत नाही. आता म्हणते, कारण सुरुवातीच्या काळात मी हे केलंय. 8 वर्षांच्या एका मुलाला क्रॉसबाइट नव्हता, फक्त गर्दी होती. ‘दात काढावे लागू नयेत’ अशी आईची इच्छा होती आणि मला ते पटलं. टाळू रुंद केला, सगळे खूश झाले. 13 व्या वर्षी तो परत आला तेव्हा वरच्या दाढा खालच्या दाढांच्या फार बाहेर पडल्या होत्या, गर्दी बरीचशी परत आली होती आणि चार दात काढावेच लागले. त्या मुलाची दोन वर्षं आणि त्याच्या घरच्यांचे पैसे मी वाया घालवले. तेव्हापासून मी आधी खालचा जबडा बघते.

खालचा का? कारण खालच्या जबड्याच्या मधली शिवण बाळ वर्षाचं होईपर्यंत जुळून जाते. खालचं हाड स्क्रूने रुंद होत नाही. डबा लहान असताना झाकण कितीही मोठं केलं तरी ते बसणार नाही. शिवाय हिशेबही करा: दाढांपाशी 1 मिमी रुंदी वाढवली की दातांच्या रांगेला फार तर पाऊण मिमी जागा मिळते. 6-7 मिमीची गर्दी एवढ्यात सुटत नाही. आणि स्क्रू 6 मिमी उघडला म्हणजे हाड 6 मिमी रुंद झालं, असंही नाही. लहान मुलांत ढोबळमानाने निम्मं हाड सरकतं, उरलेलं दाढा झुकल्यामुळे दिसतं. ‘चेहरा रुंद होईल, हसू मोठं होईल’ या आश्वासनावर कुणी स्क्रू विकत असेल तर तिथून उठून या.

पुढचे वरचे दात खालच्या दातांच्या आत जात असतील आणि वरचा जबडा मागे पडलेला असेल तर मात्र थांबू नका. तिथे टाळू रुंद करण्याबरोबर वरचा जबडा पुढे ओढणारा, चेहऱ्यावर लावायचा मास्क लागतो आणि तो 10 वर्षांच्या आत जास्त चांगला काम करतो. दुभंगलेला टाळू असलेल्या मुलांचं वेळापत्रक वेगळं असतं. त्यांची शस्त्रक्रिया करणाऱ्या टीमनेच ते ठरवायचं असतं.

नाकाबद्दल थोडं. अरुंद टाळूच्या मुलांमध्ये तोंड उघडं ठेवून झोपणारी मुलं खूप दिसतात. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडून येणाऱ्या मुलांची नाकं तर चार-चार महिने वाहत असतात. नाक बंद, तोंड उघडं, जीभ टाळूला लागण्याऐवजी खाली पडलेली, असं वर्षानुवर्षं चाललं तर वरच्या जबड्याला आतून आधार मिळत नाही. तुमची मुलगी घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल, सकाळी तोंड कोरडं पडत असेल, तर माझ्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकामागची गाठ, म्हणजे अॅडेनॉइड, आणि टॉन्सिल बघायला हवेत. टाळू रुंद केल्यावर नाकाचा तळही थोडा रुंद होतो आणि काही मुलांना श्वास मोकळा वाटतो. पण केवळ घोरणं थांबवायला किंवा ‘पुढे त्रास होऊ नये’ म्हणून टाळू रुंद करणं मला मान्य नाही. अंगठा चोखण्याची सवयही बघायला हवी. सवय सुटली नाही तर केलेलं काम परत जातं. कडुलिंबाचा पाला चोळून, मारून, चार लोकांत बोलून सवय सुटत नाही, मूल लपून चोखायला लागतं. ज्या दिवशी अंगठा चोखला नाही त्या दिवशी कॅलेंडरवर मुलीनेच चिन्ह करायचं, हे जास्त उपयोगी पडतं.

आता समजा, तपासणीत ठरलं की सरकता क्रॉसबाइट आहे आणि आत्ता करायचं. तर काय बसवतील? तीन प्रकार दिसतील. पहिला, काढता-घालता येणारा प्लेट, मध्ये स्क्रू. स्वस्त आणि स्वच्छ ठेवायला सोपा. पण घातला तरच चालतो. माझ्याकडे आलेले असे किती प्लेट डब्याच्या झाकणात, शर्टाच्या खिशात, लग्नाच्या पंगतीत पत्रावळीबरोबर गेलेत, त्याची मोजदाद नाही. दुसरा, दाढांना चिकटवलेली टाळूमागची तार, तिला क्वाडहेलिक्स म्हणतात. ती हळूहळू काम करते, घरी काही फिरवावं लागत नाही. अभ्यासांमधून असं दिसलंय की क्रॉसबाइट सुटण्याच्या बाबतीत प्लेटपेक्षा ती जास्त भरवशाची आहे. 8 वर्षांच्या साध्या केसमध्ये मी बऱ्याचदा हीच निवडते. तिसरा, दाढांना पक्का चिकटवलेला स्क्रू, ज्याला हायरॅक्स म्हणतात. रुंदी जास्त हवी असेल, हाड खरंच अरुंद असेल, तेव्हा हा.

आणि कधीकधी यातलं काहीच लागत नाही. दुधाचा एखादा सुळा टोकावर अडकत असतो आणि त्यामुळे जबडा सरकतो. टोक थोडं घासलं की सरकणं थांबतं. हे 4-6 वर्षांच्या मुलांत जास्त दिसतं, पण 8 व्या वर्षीही बघून घेण्यासारखं आहे.

हायरॅक्स बसला तर पुढचे तीन आठवडे घराचे असतात, म्हणून ते नीट सांगते. डॉक्टर छोटी चावी देतात. आई किंवा वडील दिवसातून एकदा किंवा दोनदा, डॉक्टर सांगतील तसं, ती पुढून मागे फिरवतात. एका फिरवण्याला साधारण पाव मिमी. चावीला दोरा बांधा आणि दोऱ्याचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळा, म्हणजे हातातून सुटली तरी मूल ती गिळणार नाही. किती वेळा फिरवली ते वहीत रोज लिहा. ‘काल फिरवली होती का?’ यावरून नवरा-बायकोचं भांडण झालेली घरं मी बघितलीत. फिरवल्यावर पाच-दहा मिनिटं नाकाच्या वर, डोळ्यांच्या मध्ये, ताण जाणवतो. सहसा औषध लागत नाही, लागलं तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. दुखणं वाढतच गेलं, किंवा ठरल्याप्रमाणे फिरवूनही आठ-दहा दिवसांत पुढे फट दिसली नाही, तर फिरवणं थांबवून फोन करा.

फट दिसणार, हे आधीच सांगते. शिवण उघडली की वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये मोठी फट पडते. एका आज्जींनी नातीला बघून रडायला सुरुवात केली होती, ‘आता हिचं लग्न कसं व्हायचं?’ ती फट म्हणजे काम झाल्याची खूण आहे. स्क्रू फिरवणं थांबलं की हिरडीतले धागे दातांना ओढून जवळ आणतात आणि ती काही आठवडे-महिन्यांत बरीचशी आपोआप मिटते. फिरवणं संपल्यावर स्क्रू लॉक करून साधारण 6 महिने तसाच ठेवायचा असतो, मधल्या जागेत हाड भरायला. या काळात ‘काम झालं, काढून टाका’ अशी घाई करू नका. लवकर काढला तर पुन्हा आकुंचतं.

बोलणं पहिल्या आठवड्यात अडखळतं. ट, ड, ण, ळ या अक्षरांना जीभ टाळूला लागते आणि तिथेच स्क्रू असतो. मराठीतही ‘ळ’, कन्नडमध्येही ‘ळ’, त्यामुळे आपल्या मुलांना दोन्ही तासांना अडचण. ‘बेळगाव’चं ‘बेलगाव’ होतं. दहा-पंधरा दिवसांत जीभ वाट काढते. म्हणून मी शक्यतो एप्रिल-मेच्या सुट्टीत सुरुवात करते, शाळा उघडेपर्यंत फिरवणं आणि अडखळणं दोन्ही संपलेलं असतं. शिक्षकांना एक ओळ लिहून कळवा, नाहीतर वर्गात नक्कल होते.

खाण्यात चिक्की, कडक तिळगूळ, फुटाणे, ऊस चोखणं बंद. निपाणीच्या घरात हे कठीण आहे, मला माहीत आहे. उसाचे तुकडे करून तिला रस काढून द्या. चिरमुरे कडक नसतात पण स्क्रूच्या मागे असे अडकतात की दोन दिवस निघत नाहीत. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून चालते. कुंदा मऊ आहे म्हणून आज्जी खाऊ घालतात. घाला, पण लगेच चूळ भरायला लावा. सुई नसलेल्या सिरिंजने पाणी मारून टाळू रोज रात्री धुवायचा. नाहीतर वास येतो आणि हिरडी सुजते.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर घ्या: हाड अरुंद आहे की दात झुकलेत, जबडा सरकतो का, हे संपल्यावर पुढे तार लागेल का, आणि सांगितलेल्या खर्चात नेमकं काय काय धरलंय. तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेकदा ‘हो’ आहे. आत्ता टाळू रुंद केला तरी 12-13 व्या वर्षी तार लागण्याची शक्यता मोठी असते. आत्ताचा उपचार पुढचा सोपा करतो, दरवेळी टाळत नाही. ‘आत्ता केलं की पुढे काहीच नाही’ असं कुणी म्हणत असेल तर ते लिहून मागा. पूर्ण तोंडाचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, मात्र हवाच. त्यात कुठला पक्का दात जन्मतःच नाही का, जादा दात आहे का, सुळे कुठून उतरतायत, हे कळतं. एरवी साध्या केसमध्ये 8 वर्षांच्या मुलीचा सीटी स्कॅन मी काढायला लावत नाही.

कोल्हापूर की बेळगाव? निपाणीहून कोल्हापूर जवळ आहे, बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. तुमच्याकडे कर्नाटकचं आधार असेल तर जून 2023 पासूनच्या बायकांच्या मोफत प्रवास योजनेत साध्या सरकारी बसमध्ये तुम्हाला आणि मुलीला बेळगावपर्यंत तिकिटाचे पैसे पडत नाहीत, म्हणून बऱ्याच आया इकडे येतात. मी म्हणेन, महिन्यातून एकदा विनाखंड जिथे जाता येईल तिथे जा, आणि सुरू केलं तिथेच पूर्ण करा. अर्ध्यात डॉक्टर बदलले की दोन्हीकडचे पैसे जातात. खर्च जड असेल तर बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत. तिथे खाजगीपेक्षा कमी पैशात होतं, विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, मात्र फेऱ्या जास्त आणि वेळ जास्त. आणि संमतिपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असलं तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. समजावून सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे, विचारताना संकोच नको.

आज्जींना काय सांगायचं? त्यांचं अर्धं बरोबर आहे, पुढच्या दातांचं बरंचसं वाकडेपण वयाबरोबर बदलतं. दाढांचा उलटा चावा मात्र क्वचितच आपोआप सुटतो. दुधाच्या दाढा उलट्या असल्या की पक्क्याही बहुधा तशाच उतरतात. आणि हे लोखंड नवं नाही. 1860 साली इमर्सन अँजेल नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने एका 14 वर्षांच्या मुलीचा टाळू स्क्रूने रुंद केला होता. तेव्हा जाणत्यांनीसुद्धा विश्वास ठेवला नाही. शंभर वर्षांनी, 1961 मध्ये, अँड्र्यू हास यांनी ते पुन्हा उभं केलं आणि तेव्हापासून ते जगभर रोजचं काम झालंय.

राहिला वडिलांचा प्रश्न, संक्रांतीपर्यंत थांबलं तर चालेल का. चालेल. 8 वर्षांच्या मुलीच्या शिवणीला चार-पाच महिन्यांनी काही फरक पडत नाही. कर्ज काढू नका, सोनं गहाण ठेवू नका. मात्र तपासणी आणि ओपीजी आत्ताच करून घ्या. जबडा सरकत असेल तर उसाचं बिल आल्यावर पैसे बाजूला काढा आणि येत्या एप्रिलच्या सुट्टीत सुरुवात करा, ती तेव्हा पावणेनऊ-नऊची असेल, वय अगदी योग्य. सरकत नसेल, दाढा नीट बसत असतील आणि फक्त पुढचे दात वाकडे असतील, तर दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. 10 व्या वर्षी सुळ्यांची जागा बघून घ्या, आणि तोवर तिला ऊस खाऊ दे.